हवापालट

“हवा काय सुंदर आहे हो तुमच्याकडे!”

हे वाक्य लोणावळ्यात पहिल्यांदा कोण बोललं, याची नोंद कुठे सापडत नाही. १८६३ साली बोरघाट चढून आगगाडी वर आली, तेव्हा तिच्यातून उतरून पाय मोकळे करणाऱ्या कुणा गोऱ्या साहेबाने ते इंग्रजीत म्हटलं असावं, असा माझा संशय आहे. तेव्हापासून जो उठतो तो हेच म्हणतो. पारशी शेटजी म्हणून गेले, डॉक्टरांनी ‘हवापालट करा’ म्हणून पाठवलेले गिरगावातले रोगी अंथरुणातून म्हणत राहिले, आणि हल्ली द्रुतगती मार्गावरच्या गर्दीत दोन तास अडकून आलेली मंडळी गाडीची काच पुरती खाली व्हायच्या आत म्हणतात.

माझं म्हणणं एवढंच आहे, की या वाक्यावर बंदी घालावी. बाराही महिने नको. मी समजूतदार माणूस आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवं तेवढं म्हणा, कारण तेव्हा आमच्याकडे हवा नसतेच, सगळं पाणीच असतं. डिसेंबरातही म्हणा. पण माघ संपतो आणि फाल्गुन लागतो, म्हणजे फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा आणि मार्चचा पहिला, या पंधरवड्यात जो कोणी हे वाक्य उच्चारील, त्याला त्याच पावली परतीच्या गाडीत बसवून द्यावं. तिकिटाचे पैसे मी देईन.

हे मी रागाने लिहितो आहे, हे वाचकांच्या ध्यानात आलंच असेल. मागच्या सोमवारी आमचे मेहुणे आले होते.

मेहुणे म्हणजे हिचे धाकटे भाऊ. दादरला राहतात. विम्याच्या कचेरीत सगळी नोकरी करून निवृत्त झाले आहेत, आणि जन्मभर दुसऱ्यांच्या जोखमीचे हप्ते मोजल्यामुळे आपल्याला स्वतःला कसलीच जोखीम नाही अशा थाटात हिंडत असतात. सोमवारी सकाळच्या इंद्रायणीने ते अर्ध्या बाह्यांच्या बुशशर्टात लोणावळा स्टेशनवर उतरले. दादरला रात्री पंखा लावून झोपलेला माणूस, त्याला काय कल्पना! आमच्या व्हरांड्यात मी एक कमाल-किमान तापमापक टांगला आहे. त्यात त्या दिवशी पहाटेचे १२ अंश होते. रिक्षातून घरी येईपर्यंत मेहुण्यांचे दात वाजायला लागले. आल्या आल्या त्यांनी खुंटीवरचा माझा स्वेटर चढवला, चहाचा कप दोन्ही हातांत धरला आणि तोंडातून वाफ सोडत म्हणाले, “भाऊजी, हवा काय सुंदर आहे हो तुमच्याकडे!”

दुपारी दोन वाजता तोच तापमापक ३३ दाखवत होता. मेहुणे बनियनवर आले होते आणि पंखा पाचावर होता. पाचच्या सुमारास घाटाकडून वारा सुटला, दोरीवरचा टॉवेल शेजारच्यांच्या अंगणात गेला, आणि तो आणायला जाण्यासाठी मेहुण्यांना पुन्हा बुशशर्ट घालावा लागला. जेवताना शाल. झोपताना त्यांना पंखाही हवा होता आणि गोधडीही हवी होती. दोन्ही दिलं. पहाटे तीन वाजता उठून त्यांनी पंखा बंद केला, तो खटका मी ऐकला. मी जागाच होतो. त्याच वेळी आमच्या खोलीतला पंखा बंद करायला उठलो होतो.

बारा आणि तेहेतीस. एका दिवसात एकवीस अंश! मुंबईत जानेवारीतल्या पहाटेपासून मे महिन्यातल्या दुपारपर्यंत सरासरीने एवढा फरक पडत नाही. मुंबईकर जे पाच महिन्यांत सोसतो, ते आम्ही दूधवाला येतो तेव्हापासून भाजीवाली येते तोपर्यंत सोसतो.

याला वसंत म्हणायचं का, हा प्रश्न मला पडतो. आमच्या वेळी एकेका वर्गात तीन-तीन वसंत असत, शरद आणि हेमंत असत. शिशिर मात्र फार पुढे, आमच्या मुलांच्या पिढीत निघाले. पंचांगाचं बघावं, तर वसंतपंचमी माघ शुद्ध पंचमीला, म्हणजे शास्त्राने ऐन शिशिरात. वसंतोत्सव सुरू होतो होळीच्या दुसऱ्या दिवशी, फाल्गुन वद्य प्रतिपदेला, तोही शिशिरातच. आणि खुद्द वसंत ऋतू येतो चैत्र-वैशाखात, म्हणजे पंख्याखाली बसून आमरस ओरपायच्या दिवसांत. वऱ्हाड जेवून हात धुऊन बसलं आणि मग नवरामुलगा मांडवात आला, अशातली गत! सरकारी हवामान खात्याकडे दाद मागावी, तर त्यांच्या दप्तरी वसंत नावाचा इसमच नाही. जानेवारी-फेब्रुवारी हा हिवाळा, मार्च ते मे मोसमी पावसापूर्वीचा काळ, मग मोसमी, मग मोसमी संपल्यानंतरचा. सरकारी नोकर जसा महिन्याच्या अखेरच्या तारखेला निवृत्त होतो, तसा हिवाळा २८ फेब्रुवारीला कचेरी सुटल्यावर निवृत्त होतो. त्याने उद्या सकाळी यायचं नाही. आमच्याकडे तो येतो. ‘होळी जळाली, थंडी पळाली’ ही म्हण ज्या गावात जन्माला आली, ते गाव लोणावळा खासच नव्हे. आमच्या आळीत होळीभोवती माणसं बोंब मारायला कमी आणि शेकायला जास्त थांबतात.

मंगळवारी मेहुण्यांनी विचारलं, “पण भाऊजी, असं होतं का?”

मला हा प्रश्न फार आवडतो, कारण घरात तो कुणी विचारत नाही. मी खुर्ची पुढे ओढली. आमचं गाव, म्हटलं, सह्याद्रीच्या कठड्यावर बसलेलं आहे. समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटर उंच. पाय कोकणात सोडलेले आणि पाठ देशाला टेकलेली. या दिवसांत रात्रीचा वारा देशाकडचा, पूर्वेचा, कोरडा ठणठणीत. हवेतली वाफ ही जमिनीची गोधडी असते. गोधडीच नाही म्हटल्यावर दिवसभर साठवलेली ऊब रात्री सरळ आभाळात निघून जाते. थंड हवा जड, ती उतारावरून घरंगळत खोऱ्यात जाऊन बसते. म्हणून पवन मावळातल्या खोलगट शेतात पहाटे जो गारठा असतो, तो वरच्या डोंगरावर नसतो. सूर्य वर आला की तीच कोरडी हवा तेवढ्याच घाईने तापते. दुपार उलटली की तापलेला मुलूख समुद्रावरचा वारा ओढून घेतो. समुद्र इथून दिसत नाही, पण चार-पाचच्या सुमाराला त्याचा वारा खोपोलीच्या अंगाने घाट चढून येतो. आगगाडीला कर्जतहून वर यायचं तर मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात. हा आपला एकटा येतो. एखाद्या दिवशी येतो, एखाद्या दिवशी खंडाळ्यातच बसून राहतो, आणि एखाद्या दिवशी बरोबर ढग घेऊन येतो. थोडक्यात, आमच्या हवेलाच दिवसातून दोनदा हवापालट होतो. तुम्ही हवापालटाला लोणावळ्याला येता. लोणावळ्याच्या हवेने जायचं कुठे?

मेहुण्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे नैसर्गिक एअरकंडिशनिंगच की हो!”

मी खुर्ची मागे घेतली.

बरं, ही हवा मोजतो कोण? वर्तमानपत्रात रोज एक आकडा येतो, तो पुण्याचा, शिवाजीनगरच्या वेधशाळेचा. हवामान खात्याचं मुख्य ठाणं १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं आणि १९४४ साली दिल्लीला गेलं. पण त्या इमारतीला पुणेकर अजूनही ‘सिमला ऑफिस’च म्हणतात. पुण्यात एकदा पडलेलं नाव बदलायला नुसती दिल्ली पुरी पडत नाही. तर सिमल्याच्या नावाच्या इमारतीत पुण्याची हवा मोजायची, आणि ती लोणावळेकराने आपली म्हणून अंगावर घ्यायची, असा हा व्यवहार आहे. रेल्वेने अंतर ६४ किलोमीटर. एवढ्या अंतरात वर्षाचा पाऊस चार हजार मिलिमीटरच्या वरून सातशेच्या आसपास येतो. थंडीचं काय होतं ते पाहायचं असेल, तर या दिवसांत सकाळची पुण्याची लोकल पकडावी. लोणावळ्याला डबाभर स्वेटर बसलेले असतात. मळवली-कामशेतपर्यंत कुणी बोलत नाही, कारण सगळ्यांची तोंडं मफलरच्या आत असतात. वडगावला पहिल्या गुंड्या सुटतात. तळेगावला मफलर जेवणाच्या डब्याच्या पिशवीत जातो. देहूरोड-आकुर्डीला खिडक्या उघडतात. आणि शिवाजीनगरला तोच माणूस “काय उकडतंय!” म्हणत उतरतो. त्याचा स्वेटर संध्याकाळपर्यंत कचेरीच्या खुर्चीच्या पाठीला लटकलेला असतो. साहेबाला वाटतं माणूस जागेवरच आहे.

मेहुण्यांना या वादात त्यांच्या फोनचा मोठा आधार. दर अर्ध्या तासाला ते खिशातून तो काढून मला माझ्या गावाचं तापमान सांगत. बहुतेक वेळा तो आकडा गावात कुणी मोजलेला नसतोच. नकाशावर चौकटी आखून एकेका चौकटीला गणिताने काढून दिलेला असतो. आता घाटमाथ्यावर चौकट आखली, की तिचा एक कोपरा कोकणात लोंबतो. त्या कोपऱ्यातला माणूस घामाघूम झालेला आहे आणि मी कुडकुडतो आहे. आमची दोघांची सरासरी एकदम सुखी. राज्य सरकारने ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळाला एकेक स्वयंचलित हवामान केंद्र दिलं, ही चांगलीच गोष्ट झाली. पण मावळातल्या एका मंडळात डोंगर असतो, दरी असते, एखादं धरणही असतं. यंत्र बापडं एका ठिकाणी उभं. माझ्या व्हरांड्यातला तापमापक आणि ओढ्याकाठी राहणाऱ्या माझ्या मित्राचा तापमापक यांच्यात पहाटे तीन-तीन अंशांचं भांडण असतं, आणि मध्ये फक्त चार गल्ल्या आहेत.

यावर कुणी म्हणेल, तीन अंशांनी काय बिघडतं? वाटलं तर स्वेटर घाला, नाही तर काढा. इथेच खरं भांडण आहे. हवा खायला आलेल्या माणसाचं बिघडून बिघडून स्वेटरपुरतं बिघडतं. इथे राहणाऱ्याला मात्र पुढच्या पाच दिवसांच्या हवेवर, कधी पन्नास दिवसांच्या हवेवर, आधीच काहीतरी लावून बसावं लागतं.

सोमवारी मेहुणे स्वेटरात शिरत होते, त्याच वेळी हिने स्वयंपाकघरात कुरडयांचे गहू भिजत घातले होते. ज्यांनी कुरडया फक्त तळलेल्या पाहिल्या आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटून, गाळून चीक काढायचा. तो रात्रभर खाली बसू द्यायचा. पाचव्या दिवशी सकाळी वरचं पाणी ओतून देऊन चीक शिजवायचा, आणि गरम असतानाच सोऱ्याने उन्हात घालायचा. त्या दिवशी कडक ऊन पाहिजे. पुढचे दोन दिवसही पाहिजे. म्हणजे सोमवारी गहू पाण्यात पडले की शुक्रवार, शनिवार, रविवार अशा तीन उन्हांचा सौदा पक्का झाला. भिजलेले गहू परत पोत्यात भरता येत नाहीत. ही गोष्ट हिला ठाऊक आहे, तिच्या आईला ठाऊक होती. फक्त तिच्या भावाला ठाऊक नव्हती.

गुरुवारपर्यंत सगळं ठीक होतं. शुक्रवारी पहाटे मी उठून पाहिलं, तर तापमापकात १९ अंश. एका रात्रीत पहाट सात अंशांनी उबदार! मेहुणेही उठले होते. उघड्या अंगाने व्हरांड्यात उभे राहून म्हणाले, “वा! आज थंडीच नाही. हवा काय सुंदर...”

मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. गोधडीचा धडा त्यांना मंगळवारीच शिकवला होता. पण विमावाल्याला कलमं पाठ असतात, अर्थ दावा आल्यावर कळतो. रात्रीतून आभाळ आलं होतं. ढगांनी जमिनीवर गोधडी घातली होती, म्हणून ऊब होती. हिने बाहेर येऊन आभाळाकडे पाहिलं, मग आत पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे असं पाहिलं, की जणू सिमला ऑफिस मीच चालवतो.

चीक शिजवणं भाग होतं. कुरडया पलंगावर प्लॅस्टिकवर घातल्या आणि वर पंखा सोडला. मेहुण्यांना दुपारभर खुर्चीत बसून काढावी लागली. संध्याकाळी चार थेंब आले. अंगण भिजेल एवढेही नाहीत, मातीचा वास येईल एवढेच. त्या वासावर मेहुणे काय म्हणाले, ते मी इथे पुन्हा लिहीत नाही. शनिवारी सकाळी पलंगाच्या खोलीत आंबूस वास येत होता. पांढऱ्याशुभ्र व्हायच्या त्या कुरडया पिवळट पडल्या होत्या. हिने त्या एकही शब्द न बोलता गोळा केल्या.

कुरडया गेल्या तर तीन किलो गहू आणि पाच दिवसांचे कष्ट गेले. कामशेतच्या पुढे आमच्या ओळखीचा एक तरुण पॉलिहाऊसमध्ये गुलाब लावतो, त्याच्या पैजेपुढे हे काहीच नाही. मावळातले गुलाब परदेशात जातात हे आता पुष्कळांना ठाऊक आहे. त्यासाठी काय करावं लागतं, ते ठाऊक नसतं. १४ फेब्रुवारीला युरोपात फूल द्यायचं, तर ते जानेवारीच्या अखेरीपासून पहिल्या आठवडाभरात इथून निघायला हवं. त्यासाठी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात छाटणी, आणि तिथून पंचेचाळीस-पन्नास दिवसांचा हिशेब. जानेवारीत थंडी वाढली की कळी हट्टाने मिटून बसते. मध्येच ऊन चढलं, की ती आठ दिवस आधी उमलून मोकळी होते. प्लॅस्टिकच्या छताने पाऊस अडतो, थंडी-ऊन नव्हे. एका वर्षी त्याचं निम्मं फूल उशिरा आलं. तेव्हा तो मला म्हणाला, “काका, तिकडच्या पोरापोरींचं प्रेम चौदा तारखेला, आणि माझं फूल अठराला!” अठरा तारखेचं फूल मग पुण्याच्या बाजारात मिळेल त्या भावाने जातं. आपण लग्नाच्या मांडवात त्याची पाकळी पायाखाली घेतो.

आंब्याचं तर बोलायलाच नको. आमच्या परसात एक रायवळ आंबा आहे. यंदा तो मोहोराने इतका भरला होता, की मी मनातल्या मनात लोणच्याच्या बरण्या मोजून ठेवल्या होत्या. ढगाळ हवा आली, दव पडलं, की मोहोरावर तुडतुडे आणि भुरी आलीच. तुडतुड्यांचा चिकटा पानांवर पडतो, त्यावर काळी बुरशी धरते, आणि आंब्याखालून गेलेला माणूस मधाच्या पोळ्याखालून आल्यासारखा चिकचिकत घरात येतो. शुक्रवारच्या आभाळानंतर अंगणात मोहोराचा जो सडा पडला, त्यावर उभे राहून मेहुण्यांनी फोटो काढून घेतला.

इथपर्यंत मी सोसलं. शनिवारी दुपारपर्यंत आभाळ निवळलं आणि वारा पुन्हा पूर्वेचा, कोरडा झाला. रात्री जेवणं आटोपून आम्ही गच्चीवर गेलो. लोहगड-विसापूरच्या बाजूला डोंगराच्या कुशीत एक लाल रेघ उमटली होती. हळूहळू ती लांब झाली, तिला फाटे फुटले, वर सरकली.

“ताई, बघ बघ!” मेहुणे बहिणीला म्हणाले, “कोणी तरी डोंगराला दिव्यांची माळ घातली आहे. काय दृश्य आहे! आणि हवासुद्धा काय...”

“तो वणवा आहे,” मी म्हणालो. मी ओरडलोच म्हणा ना.

फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगरावरचं गवत वाळून कागदासारखं झालेलं असतं. जाळल्यावर पुढच्या पावसात गवत चांगलं येतं, अशी एक समजूत बापजाद्यांपासून चालत आली आहे; म्हणून कुणी मुद्दाम काडी लावतो. कुणी विडी फेकतो. कुणी शहरातून येऊन गडाखाली शेकोटी पेटवतो, सकाळी गुंडाळी करून निघून जातो, आणि शेकोटी मागे राहते. मग या दिवसांतल्या लहरी हवेला तिचा खेळ मिळतो. सकाळी वारा एकीकडचा, चार वाजता घाटाकडचा. उताराला रांगत चाललेली आग वारा फिरला की चढाला धावू लागते, आणि चढावर आग माणसापेक्षा जोरात पळते. वनखात्याचे वनरक्षक आणि गावातली पोरं हिरव्या फांद्यांनी झोडपून ती विझवतात. जाळरेषा आधी काढलेल्या असल्या तर ठीक, नाही तर रात्रभर. राखीव जंगलात आग लावणं हा १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे; पण गवताला काडी लावणाऱ्याची सही काडीवर नसते. जमिनीवर घरटं करणारी लावरी, तित्तर, सरडे, दोन पावसाळे तग धरून हातभर वाढलेली रोपं, गुरांचा चारा, सगळं जातं. उरते ती उघडी माती. जूनच्या पहिल्या सरींत ती ओढ्याला लागते, आणि तो लाल ओढा पाहून पुन्हा कुणी तरी गाडी थांबवून फोटो काढतो.

एवढं सगळं मी गच्चीवर एका दमात बोललो. मेहुणे गप्प झाले. बराच वेळ आम्ही तिघं ती रेघ पाहत उभे होतो. वाऱ्याबरोबर जळक्या गवताचा वास आला, आणि थोड्या वेळाने हिच्या शालीवर राखेचा एक काळा धागा येऊन बसला.

मग मेहुणे हळूच म्हणाले, “भाऊजी, पण रागावू नका, तुम्हीसुद्धा हवेसाठीच आला होतात ना इकडे?”

हा घाव वर्मी लागला, हे कबूल केलं पाहिजे. आम्ही मूळचे गिरगावचे. चाळीसेक वर्षांपूर्वी नोकरीच्या निमित्ताने एकदा खंडाळ्याला उतरलो होतो. महिना फेब्रुवारीचाच. काटेसावर फुलली होती, पान एक नाही आणि लालभडक फुलं अंगभर. दुपारी उकडलं, संध्याकाळी घाटावरून वारा आला, आणि मी हिला म्हणालो होतो... जे म्हणालो ते वाचकांना आता पाठ आहे. त्या एका वाक्यावर आम्ही इथे जागा घेतली. शिवाय या ‘चांगल्या हवेने’च गावाला बंगले दिले, बंगल्यांनी माळ्यांना, रखवालदारांना, चिक्कीवाल्यांना काम दिलं, हेही खोटं नाही. पहाटेचा गारठा आणि दुपारचा ताव हाही काही कालचा नव्हे. घाट आहे तोवर तो असणार. पण त्याचं जुनं वेळापत्रक होतं, आणि बायका त्या वेळापत्रकावर गहू भिजत घालत. आता फेब्रुवारीच पुढे सरकून बसला आहे. १९०१ पासूनच्या देशाच्या नोंदींत दिवसाच्या कमाल तापमानाच्या सरासरीत तोवरचा सर्वांत तापलेला फेब्रुवारी २०२३ चा निघाला, आणि त्याच मार्चमध्ये राज्यात अवकाळी पावसाने उभी पिकं झोपवली. दिवसरात्रीच्या सरासरीत मग २०२५ च्या फेब्रुवारीने तोवरचा उच्चांक केला. हिच्या आईचं वाळवणाचं गणित होळीच्या अलीकडे की पलीकडे एवढंच होतं. हिला आता पहाटे उठून माझा तापमापक विचारावा लागतो, आणि तो कालचं सांगतो, उद्याचं नाही.

मी हे मेहुण्यांना सांगायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात त्यांना शिंक आली. मग दुसरी आली. रात्री निलगिरीची वाफ, सुंठीचा काढा, सकाळी घसा बसलेला. रविवारी मी त्यांना स्टेशनवर पोचवायला गेलो. माझा स्वेटर अंगात तसाच होता; परत मागणं बरं दिसलं नसतं. गाडी यायला वेळ होता. फलाटावर कोवळं ऊन पडलं होतं, खाली घाटात धुकं साचलं होतं, त्यातून खंडाळ्याकडचे डोंगर नुसते माथ्यापुरते वर आलेले. डोंगराच्या एका कुशीला काळा पट्टा दिसत होता. मेहुण्यांनी तिकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते लोणावळ्याच्या हवेबद्दल काही बोलले नाहीत. घसा बसला होता म्हणून की काय, कोण जाणे. “काळजी घ्या, भाऊजी,” एवढंच घोगऱ्या आवाजात म्हणाले आणि चिक्कीचं पाकीट सांभाळत डब्यात चढले.

रात्री त्यांचा दादरहून फोन आला. सुखरूप पोचले होते. तिथे पंखा लावला होता. डॉक्टरांनी चार दिवस विश्रांती सांगितली होती. “हवा मानवली नाही म्हणाले,” हिने मला सांगितलं आणि रिसीव्हर ठेवावा तसा मोबाइल टेबलावर ठेवला.

हिने गहू पुन्हा भिजत घातले आहेत. आज दुसरा दिवस. आज पहाटे १३ अंश होते, म्हणजे आभाळ मोकळं आहे. मी हे लिहिताना मधूनमधून उठून घाटाच्या बाजूला बघून येतो. आत्तापर्यंत चार वेळा झालं. पश्चिमेला, अगदी खाली, एक पांढरा पुंजका आहे. धुरळा असेल. हिला अजून सांगितलेलं नाही.